कुराण ईश्वरी की मानवी? वाद घालण्याआधी आपले माप तपासा

कड्याच्या विहारात वंदना आटोपली, की तरुण पोरे थोडा वेळ ओट्यावर रेंगाळतात. शेतमालाचे भाव, भरतीच्या जाहिराती, नगरला जाणारी रेल्वे, असे विषय निघतात. अलीकडे त्यात आणखी एक विषय घुसला आहे. कोणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ येतो : "कुराण पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी लिहिले गेले, सगळी बनवाबनवी आहे." शेजारच्या गल्लीतल्या मुस्लिम मित्राच्या मोबाईलवर त्याचे उत्तर तयार असते : "चौदाशे वर्षांत एक नुक्ताही बदलला नाही, म्हणूनच ते अल्लाहचे." आणि वरून, "तुमच्या ग्रंथांतला मैत्रेय म्हणजे आमचे पैगंबरच."

असाच एकदा वाद रंगला होता. आमचा कार्यकर्ता जोरात होता. मुस्लिम मित्राने शांतपणे विचारले, "आमचं राहू दे. तुमचं त्रिपिटक बुद्धानंतर किती वर्षांनी लिहिलं, तेवढं सांग." आमच्या पोराला उत्तर देता आले नाही. त्याला राग आला तो मित्राचा. खरे तर यायला हवा होता स्वतःच्या न वाचण्याचा.

हा लेख त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे. कुराणाची चिकित्सा करू नये, असे मी म्हणणार नाही. कोणताच ग्रंथ चिकित्सेच्या वर नाही, हे बौद्धाला वेगळे सांगायला नको. पण चिकित्सा कशी करायची आणि कोणत्या मापाने करायची, हे आधी ठरले पाहिजे.

दोन प्रश्नांची गल्लत

पहिला प्रश्न अस्सलपणाचा : आज हातात असलेला मजकूर मूळचाच आहे का? दुसरा प्रश्न उगमाचा : तो मजकूर ईश्वराकडून आला का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला इतिहासाचा आहे. त्याला हस्तलिखिते, शाई, चर्मपत्रे, जुन्या नोंदी उत्तर देऊ शकतात. दुसऱ्याला कोणतीही प्रयोगशाळा उत्तर देऊ शकत नाही.

एखादे पत्र शंभर वर्षे जसेच्या तसे जपले गेले, म्हणून त्यातला मजकूर खरा ठरत नाही. तसेच पत्राच्या नकलेत दोन शब्द बदलले, म्हणून मूळ पत्र लिहिलेच गेले नव्हते, असेही ठरत नाही. आपल्याकडच्या नव्वद टक्के वादांमध्ये दोन्ही बाजू हीच गल्लत करतात.

कुराण कसे जमले?

मुस्लिम परंपरेप्रमाणे इ.स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत महंमद पैगंबरांना पहिला संदेश मिळाला आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे २२-२३ वर्षे, संदेश येत राहिले. ते ऐकणारे पाठ करीत. काही जण चामड्यावर, हाडांवर, खजुराच्या फांद्यांवर लिहून ठेवीत. पैगंबर हयात असताना सगळा मजकूर एका पुस्तकात बांधलेला नव्हता.

त्यांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत पाठ असलेले अनेक जण मारले गेले. तेव्हा उमर यांनी पहिले खलिफा अबू बक्र यांना संकलनाचा आग्रह केला आणि हे काम झैद इब्न साबित या लेखकावर सोपवले गेले. पैगंबरांनी जे केले नाही ते आपण कसे करावे, असा संकोच आधी त्यांना वाटला, हेही मुस्लिम परंपरेनेच नोंदवून ठेवले आहे. पुढे साम्राज्य पसरले, ठिकठिकाणचे सैनिक वेगवेगळ्या तऱ्हेने पठण करू लागले आणि भांडणे होऊ लागली. म्हणून तिसरे खलिफा उस्मान यांनी इ.स. ६५० च्या सुमारास एक प्रमाण प्रत तयार करवून मोठ्या शहरांना पाठवली आणि बाकीच्या प्रती जाळण्याचा हुकूम दिला. कुफा शहरातले इब्न मसऊद हे पैगंबरांचे जुने सहकारी. त्यांना हा निर्णय मान्य नव्हता. त्यांच्या प्रतीत आजच्या ११४ पैकी तीन सुरा नव्हत्या, अशी नोंद जुन्या मुस्लिम ग्रंथकारांनीच केली आहे.

त्या काळच्या अरबी लिपीत आज दिसतात तसे पुरेसे नुक्ते आणि स्वरचिन्हे नव्हती. त्यामुळे एकाच अक्षरांचे वेगवेगळे वाचन होऊ शके. दहाव्या शतकात इब्न मुजाहिद यांनी सात वाचनपरंपरा प्रमाण ठरवल्या. पुढे दहा मान्य झाल्या. उदाहरण अगदी पहिल्या सुरेतलेच आहे. एका वाचनात ईश्वर न्यायदिनाचा 'मालिक' म्हणजे धनी आहे, तर दुसऱ्यात 'मलिक' म्हणजे राजा. अर्थात फार मोठा फरक नाही, पण फरक आहे. आज आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी जी प्रत वाचली जाते, ती 'हफ्स' या वाचनपरंपरेची आहे. १९२४ मध्ये कैरोत छापलेल्या आवृत्तीनंतर तिचा प्रसार आणखी वाढला.

दोन्ही फॉरवर्ड खोटे

आता हस्तलिखिते काय सांगतात ते पाहू. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे असलेल्या कुराणाच्या दोन पानांची कार्बन चाचणी झाली आणि २०१५ मध्ये तिचा निष्कर्ष जाहीर झाला. ते चर्मपत्र इ.स. ५६८ ते ६४५ या काळातले असण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त आहे. चाचणी चर्मपत्राची होती, शाईची नव्हे, हे लक्षात ठेवूनही एवढे नक्की म्हणता येते की कुराणाचा मजकूर दोनशे वर्षांनी रचला गेला, हा दावा टिकत नाही. दोनशे वर्षांचा आकडा येतो तो हदीसच्या संग्रहांवरून. सर्वांत मान्य संग्रह करणारे इमाम बुखारी यांचे निधन ८७० मध्ये झाले. कुराण वेगळे, हदीस वेगळे. एवढा फरक ज्याला माहीत नाही, त्याने वादाला उभे राहू नये.

दुसरी बाजूही पाहा. १९७२ मध्ये येमेनच्या साना शहरातील मोठ्या मशिदीची दुरुस्ती सुरू असताना जुन्या चर्मपत्रांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या काही पानांवर खालचा मजकूर पुसून वर पुन्हा लिहिलेले आहे. वरचा मजकूर उस्मानी प्रतीप्रमाणे आहे. खालच्या मजकुरात मात्र काही शब्द वेगळे आहेत आणि सुरांचा क्रमही वेगळा आहे. म्हणजे सुरुवातीच्या काळात एकापेक्षा जास्त पाठ प्रचारात होते, ही जुन्या मुस्लिम ग्रंथकारांची नोंद खरी निघाली. "एक नुक्ताही बदलला नाही" हे भाविकाचे वाक्य आहे, इतिहासाचे नाही. ज्या लिपीत सुरुवातीला नुक्तेच पुरते नव्हते, तिच्याबद्दल ते म्हणताच येत नाही.

प्रामाणिक निष्कर्ष मधला आहे. कुराणाचा मजकूर फार लवकर स्थिर झाला आणि प्राचीन ग्रंथांच्या मानाने चांगला जपला गेला. पण तो माणसांनी गोळा केला, माणसांनी निवडला, माणसांनी लिहिला आणि माणसांनी वाचला.

ईश्वरी असण्याचे युक्तिवाद

मग ईश्वरी उगमाचे काय? मुस्लिम विद्वान त्यासाठी मुख्यतः तीन-चार गोष्टी पुढे करतात. अशी भाषा कोणी रचून दाखवावी, हे कुराणातलेच आव्हान. निरक्षर पैगंबरांच्या तोंडून असा ग्रंथ येणे. त्यात विसंगती नसणे. आणि आधुनिक काळात, त्यात विज्ञान आधीच सांगितले असल्याचा दावा.

भाषेच्या सौंदर्यावरून उगम सिद्ध होत नाही. नववी शतकातले मुस्लिम विचारवंत अन-नज्जाम हे स्वतः म्हणत, की अशी भाषा अरबांना जमली असती. ईश्वरानेच त्यांना तिकडे वळू दिले नाही. म्हणजे श्रद्धावंतांमध्येही या मुद्द्यावर एकमत नव्हते. विसंगती दिसली की टीकाकार तिला चूक म्हणतो, भाविक तिला संदर्भ म्हणतो. निकाल लावणारा पंच कोणी नाही. विज्ञानाचा दावा तर सगळेच धर्म करतात. वेदांत विमान शोधणारे आपल्या देशात कमी आहेत का? शोध लागल्यानंतरच तो ग्रंथात सापडतो. आधी कधी सापडत नाही.

मैत्रेयाचा मुद्दा थेट आपला आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. मुंबईचे प्रचारक झाकीर नाईक यांनी तो फार लोकप्रिय केला, पण तो त्यांच्याही आधीपासूनचा आहे. मैत्रेयाचा उल्लेख दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात येतो. तिथे मैत्रेय येतो तेव्हा माणसांचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांचे असते, वाराणसीचे नाव केतुमती असते आणि शंख नावाचा चक्रवर्ती राजा राज्य करीत असतो. यातले सातव्या शतकातल्या मक्केला काय लागू पडते? शिवाय तो मैत्रेय बुद्धासारखाच धम्म सांगतो आणि भिक्खुसंघ चालवतो. ज्याने सुत्त उघडून पाहिले, त्याला हा दावा खोडायला दोन मिनिटे पुरतात. आवाज चढवावा लागत नाही.

बुद्धाचे उत्तर, धर्मकीर्तींचे उत्तर

ईश्वरी ग्रंथाचा वाद बौद्धांना नवा नाही. तो आपण अरबस्तानाच्या आधीपासून, वेदांच्या संदर्भात, घालत आलो आहोत. तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे जाणारा खरा मार्ग कोणाचा, म्हणून भांडत येतात. तथागत विचारतात की तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, मंत्र रचणाऱ्या ऋषींपैकी कोणी ब्रह्माला समोर पाहिले आहे का? नाही, असे उत्तर येते. मग तथागत एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही. इथे तथागत वेदांचे शब्द मोजत बसले नाहीत. त्यांनी साक्षीदार कोण, एवढेच विचारले.

सातव्या शतकाच्या आसपास, म्हणजे तिकडे कुराणाच्या प्रती तयार होत होत्या साधारण त्याच काळात, आपल्याकडे आचार्य धर्मकीर्ती मीमांसकांशी वाद घालत होते. मीमांसक म्हणत, वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ताच नाही, म्हणून त्यांत दोष नाही. धर्मकीर्तींनी 'प्रमाणवार्तिका'त विचारले की, ठीक, ग्रंथाला कर्ता नाही. पण अर्थ कोण सांगतो? माणूसच ना? आणि माणूस रागद्वेषाने भरलेला आहे. त्यांनी मुद्दाम बोचरा दाखला दिला. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने अग्निहोत्र करावे, या वाक्याचा अर्थ कुत्र्याचे मांस खावे असा नाही, हे कशावरून ठरवणार? शब्द स्वतःहून अर्थ सांगत नाही.

या युक्तिवादाची ताकद पाहा. ग्रंथ ईश्वरी आहे असे क्षणभर मान्य केले, तरी त्याचे वाचन मानवीच राहते. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. १९८५ च्या शाहबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या बाजूने कुराणातल्या आयतींचा आधार घेतला. विरोध करणाऱ्यांनीही कुराणाचाच आधार सांगितला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द झाला, तेव्हा न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी ही प्रथा कुराणाच्याच विरोधात असल्याचे म्हटले. पाठीराखे ती शरीयत म्हणत होते. ग्रंथ एकच, अर्थ दोन. मधल्या काळात सोसले ते बायकांनी.

तेच माप आपल्यालाही

आता त्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. त्रिपिटक कधी लिहिले गेले?

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती झाली आणि त्यानंतर काही शतके बुद्धवचन भाणकांच्या मुखानेच चालले. श्रीलंकेत राजा वट्टगामणीच्या काळात, इ.स.पूर्व पहिल्या शतकात, ते लिहून काढले गेले. म्हणजे मध्ये तीन-चारशे वर्षे गेली. आज मिळणारी सर्वांत जुनी बौद्ध हस्तलिखिते, गांधार भागातली भूर्जपत्रे, साधारण इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातली आहेत. उघड सांगायचे तर, लेखी पुराव्याच्या बाबतीत कुराण आपल्या संस्थापकाच्या जितके जवळ आहे, तितके त्रिपिटक नाही.

हे मान्य करताना आपली मान खाली जायचे कारण नाही. आपल्या धम्माचा पाया ग्रंथाच्या ईश्वरीपणावर नाहीच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हे स्पष्ट केले आहे की तथागतांनी स्वतःसाठी धम्मात कोणतेही स्थान राखले नाही, आपला धम्म ईश्वराने प्रकट केला असे म्हटले नाही, आणि ते मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते. पण बाबासाहेब इथेच थांबले नाहीत. त्यांनी त्रिपिटकाची चिकित्सा केली. भाणकांच्या परंपरेत बुद्धवचनाचा विपर्यास होऊ शकतो, हे त्यांनी सुत्तांतलेच पाच प्रसंग देऊन दाखवले. चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली की नंतर भिक्खूंनी घातलेली, असा प्रश्न त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारला. खरे बुद्धवचन ओळखायची कसोटीही दिली : जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, ते बुद्धाचे.

ज्या माणसाने आपल्या धम्माचा ग्रंथ असा तपासला, त्यालाच दुसऱ्याच्या ग्रंथाकडे बोट दाखवण्याचा अधिकार पोहोचतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यावर बाबासाहेबांना अनेक धर्मांची निमंत्रणे आली. त्यात इस्लामही होता. २१ वर्षे त्यांनी धर्म तोलले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी येशू, महंमद, कृष्ण आणि बुद्ध यांची तुलना केली. त्यांच्या मते फरक हा की बुद्धाने आपले वचन चुकीच्या पलीकडचे मानले नाही आणि काळाप्रमाणे त्यात काटछाट करण्याची मोकळीक अनुयायांना दिली. त्याच लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या : धर्म बुद्धीशी जुळावा, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानावी आणि दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. ग्रंथ आकाशातून आला की नाही, ही त्यांच्या कसोट्यांतली कसोटीच नाही. तो माणसाला कसे वागवतो, ही आहे.

फुले आणि दलवाई

या प्रश्नावर महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी 'मानव महंमद' ही कविता लिहिली. त्यात पैगंबरांचा गौरव आहे. पण शीर्षकातला 'मानव' हा शब्द विसरू नका. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी सगळीच धर्मपुस्तके माणसांनी केलेली आणि म्हणून कुठे ना कुठे अपुरी मानली. त्याच पुस्तकात त्यांनी एक कुटुंब रंगवले. बाई बुद्धाचा धर्म घेते, नवरा ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. ग्रंथाला ईश्वरी न मानणारा माणूसच हे लिहू शकला, कारण त्याला कोणाच्या ग्रंथाची भीती नव्हती.

दुसरे नाव हमीद दलवाई यांचे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत मंत्रालयावर नेला. तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धचा हा आवाज होता. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नाव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतले. कुराण हे ईश्वराचे नव्हे, माणसाचे आहे, असे दलवाई उघड म्हणत. त्यासाठी त्यांनी बहिष्कार सोसला. १९७७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झाले.

दलवाईंची टीका आणि मोबाईलवरची टीका यांत फरक काय? दलवाई आपल्या घराला बोलत होते आणि त्यांच्या पाठीशी तलाकपीडित बाई उभी होती. मोबाईलवरचा फॉरवर्ड शेजाऱ्याच्या घराला बोलतो आणि त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, ते आपल्याला दिसत नाही. मुस्लिम स्त्रीसाठी त्यात एक शब्दही नसतो. तो ज्या गटातून येतो, त्याच गटात दुसऱ्या दिवशी आरक्षणावर आणि ॲट्रॉसिटी कायद्यावरही मजकूर येतो, हे जरा तपासून पाहा.

मग वाद घालायचा की नाही?

घालायचा. पण सत्तेच्या, पोलिसांच्या किंवा जमावाच्या जोरावर नाही. इ.स. ८३३ मध्ये बगदादचा खलिफा मामून याने बुद्धिवादी मुताझिला पंथाचे मत, म्हणजे कुराण अनादी नसून निर्माण झालेले आहे हे मत, सक्तीने मान्य करवायला सुरुवात केली. अहमद इब्न हनबल यांनी नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले, चाबकाने मारले. परिणाम काय झाला? इब्न हनबल लोकांचे नायक झाले आणि बुद्धिवाद्यांचे नाव बुडाले. चाबकाने शिकवलेला विवेक टिकत नाही. आपल्याकडेही कुराणातल्या २६ आयती काढून टाकण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२१ रोजी ५० हजार रुपयांच्या दंडासह फेटाळली. आयती वगळून समाज सुधारत नाही.

आणि हे आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातल्या अर्धा मसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. द्वेषाची सुरुवात स्फोटकांपासून होत नाही. ती आधी गप्पांत, मग मोबाईलवर होते. त्या साखळीतली एक कडी आपण व्हायचे का, हा प्रश्न प्रत्येक बौद्ध तरुणाने फॉरवर्डचे बटण दाबण्याआधी स्वतःला विचारावा.

म्हणून वादाला बसण्याआधी चार गोष्टी करा. एक, ज्या ग्रंथावर बोलायचे तो निदान मराठी भाषांतरातून वाचा. कुराणाची मराठी भाषांतरे मिळतात. दोन, आपण अस्सलपणावर बोलतो आहोत की उगमावर, ते आधी ठरवा. तीन, समोरच्याला लावाल तेच माप त्रिपिटकाला लावा आणि उत्तर तयार ठेवा. चार, कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना जे सांगितले ते आठवा : परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून मानू नका, ज्याने लोभ, द्वेष, मोह वाढतो ते सोडा.

या शेवटच्या कसोटीवर ग्रंथ तपासला पाहिजेच, पण आपला वादही तपासला पाहिजे. वाद संपल्यावर आपल्या मनातला द्वेष वाढला असेल, तर मुद्दे कितीही बरोबर असले तरी आपण हरलो.

ओट्यावरच्या त्या पोराने पुढच्या वेळी मित्राला एवढेच सांगावे : "त्रिपिटक तीन-चारशे वर्षांनी लिहिलं. त्यात भर पडली असेल, चुकाही असतील; आमच्या बाबासाहेबांनीच त्या दाखवल्यात. आम्ही तपासून घेतो. तुमचंही तुम्ही तपासा, आपण सोबत बसून वाचू." एवढे म्हणायला आवाज चढवावा लागत नाही. वाचावे मात्र लागते.

जयभीम! नमो बुद्धाय!